मदत हवी आहे: पीटर थोरुप आणि अलेक्सिस कॉर्नर यांचे आवाज वेगळे कसे ओळखायचे?

डॅनिश ब्लूज गायक-गिटारिस्ट पीटर थोरुप (१९४८–२००७) याच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. (डॅनिश उच्चार 'टोरुप'च्या जवळ जातो, पण सध्या रूढ रूपच ठेवलंय.) कोपनहेगनच्या 'बीफीटर्स' बँडमधून तो ब्रिटिश ब्लूज गायक-गिटारिस्ट अलेक्सिस कॉर्नरकडे गेला. मग दोघांचे एकत्र बँड: १९६९ मध्ये 'न्यू चर्च', त्यानंतर संगीत-संयोजक जॉन कॅमेरॉनच्या वाद्यवृंदासोबतचा 'सीसीएस' (कलेक्टिव्ह कॉन्शसनेस सोसायटी) आणि १९७२ मध्ये 'किंग क्रिमझन' या ब्रिटिश रॉक बँडमधून बाहेर पडलेल्या तिघांबरोबर 'स्नेप'. इथपर्यंतचा क्रम पक्का आहे.

अडलंय ते सीसीएसपाशी. तिथे दोघंही गातात. कॉर्नरचा घोगरा, बोलल्यासारखा आवाज एकटा असला की लगेच कळतो, पण दोघं एकत्र आले की माझा गोंधळ उडतो. हेडफोन लावून ऐकलं, डावी-उजवी बाजू वेगवेगळी करून पाहिली, वेग कमी करूनही ऐकलं. स्ट्रीमिंगवर कोण कुठे गातंय याची माहितीच नसते. विकिपीडिया वाचून झालाय, त्यामुळे कृपया ती लिंक नको. गाण्यांच्या फायलीही नकोत.

मूळ एलपी विकत घेणं खिशाला परवडणारं नाही आणि मला डॅनिश वाचता येत नाही. लेख महिनाअखेरीस द्यायचाय.

कुणाकडे सीसीएसची १९७० च्या दशकातली मूळ एलपी असेल, तर मागच्या कव्हरवर गायकांची नावं गाण्यांनुसार दिली आहेत का, एवढं बघून सांगाल का? आणि डेन्मार्कमध्ये राहणाऱ्यांपैकी कुणी हे सांगेल का: तिथल्या रॉयल लायब्ररीत थोरुपच्या जुन्या मुलाखती बाहेरच्या माणसाला ऐकायला मिळतात की प्रत्यक्ष जावंच लागतं?