पहिला तास होण्याआधीच ऐच्छिक विषय कायमचा का ठरवायचा?

नदीकाठची
मी एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जिल्ह्याच्या गावच्या एका कॉलेजात. २०२३-२४ पासून राज्यात पदव्युत्तरला नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू झाला. दोन वर्षांत ८८ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मोजलेली एककं), सत्राला २२, आणि त्यातले ४ ऐच्छिक विषयाचे. म्हणजे चार सत्रांत १६ क्रेडिट आपल्या आवडीने घ्यायचे. ही तरतूद मला मनापासून पटते, म्हणूनच हे लिहितेय.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीसमोर रांगेत उभी होते. फॉर्मवर दोन नावं होती, कृषी अर्थशास्त्र आणि इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून अर्थव्यवहार तपासायचा विषय. अभ्यासक्रम हातात नव्हता आणि कोण शिकवणार तेही माहीत नव्हतं. मागची मुलं घाई करत होती. घरी शेती आहे म्हणून मी पहिल्यावर टिक केली. तिसऱ्या आठवड्यात इकॉनॉमेट्रिक्स घेतलेल्या मैत्रिणीची वही पाहिली. त्यांच्या सरांनी आमच्याच बाजारसमितीतले कांद्याचे भाव आणि तालुक्याचा पाऊस घेऊन फळ्यावर रिग्रेशन मांडलं होतं, म्हणजे एका गोष्टीने दुसरी किती बदलते ते काढायचं गणित. मला नेमकं हेच शिकायचं होतं! ऑफिसात गेले तर उत्तर मिळालं, यादी वर गेली, आता बदल नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. सत्राचे पहिले दोन आठवडे कुठल्याही ऐच्छिक तासाला बसू द्या आणि त्यानंतर नोंदणी पक्की करा.

तासिकेवरचा मास्तर
ताई, तुमची तळमळ कळते, पण मी विरोधातच आहे. मी तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढंच मानधन. माझा पेपर चालणार की नाही हे नोंदणीच्या आकड्यावर ठरतं. आमच्याकडे दहापेक्षा कमी पोरं असली की पेपर बंद. हा आकडा दोन आठवडे हलता ठेवला तर वर्कलोड, म्हणजे कुणाला किती तास तो हिशोब, कशावर काढायचा?

दुसरं म्हणजे, मुलं बसून बघतील ते विषयाची गोडी लागावी म्हणून नव्हे. पेपर सोपा कुठला हेच बघतील. मी पहिल्या आठवड्यात मॅट्रिक्स घेतो, कारण त्याशिवाय पुढचं काही समजत नाही. त्या आठवड्यात निम्मा वर्ग घाबरलेला असतो आणि दिवाळीपर्यंत तीच पोरं गणितं सोडवून दाखवायला येतात. पळून जायची वाट खुली असती तर यातली किती थांबली असती? नावडता विषय नेटाने पुरा करणं हेही शिक्षणच आहे.

खिडकीपलीकडून
मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो, एकोणीस वर्षं झाली. नोंदणी म्हणजे एक टिक, असं मुलांना वाटतं. त्या खुणेवर पीआरएनसमोर (विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकासमोर) पेपर कोड चढतो, त्यावरून परीक्षा अर्ज, त्यावरून हॉल तिकीट, आणि शेवटी मिळालेले क्रेडिट क्रेडिट बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात, जातात. आता त्या खात्याचा क्रमांक, एबीसी आयडीही लागतो. बारा आकडी, डिजिलॉकरवरून काढायचा. तिथे आधारवरचं नाव येतं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि मुलीचं लग्न झालेलं असेल तर आडनावच वेगळं. हे जुळवता जुळवता ऑगस्ट सरतो.

एकदा तोंडी परवानगीने एका मुलाचा विषय बदलला. वर्गात तो नव्या पेपरला बसला आणि हॉल तिकिटावर जुनाच कोड आला. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी साडेसहाला तो आणि त्याचे वडील माझ्या टेबलासमोर उभे होते. तो चेहरा मी विसरलो नाही. म्हणून मी बदलाला नाही म्हणतो. ज्यांना वाटतं आम्ही उद्धट आहोत, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

सध्या ओहायोत
मी पुण्यात एम.एस्सी. केलं आणि आता इथे पीएच.डी. करतेय. ताई मागते ती सोय इथे आहे. आमच्या विद्यापीठात सुरुवातीच्या दिवसांत विषय घ्या-सोडा, कुठे खूण राहत नाही. त्यानंतर सोडला तर गुणपत्रकावर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण, लागतो.

पण इथेही सगळं मोकळं नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ नोंदणी ठेवावीच लागते, आमच्याकडे ती ९ क्रेडिटची आहे. त्यात ऑनलाइन विषय एकच, तीन क्रेडिटपर्यंतचा धरतात. माझ्या नागपूरच्या रूममेटने पहिल्या सत्रात रात्री एक विषय सोडला आणि नोंदणी सहावर आली. पोर्टलने काहीच अडवलं नाही. विद्यार्थी कार्यालयाची आधी परवानगी न घेता असं राहिलं तर व्हिसाचा दर्जाच जातो, हे तिला सकाळी कळलं. मुदत संपली नव्हती म्हणून दुसरा विषय घेता आला.

मास्तर, तुमच्या भीतीवर इथला उपाय सांगते. प्रत्येकाला एक मार्गदर्शक प्राध्यापक असतो. विषय बदलण्याआधी मला त्यांच्याशी अर्धा तास बोलावं लागलं. "अवघड वाटतंय म्हणून सोडतेस का?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. खरं सांगायचं तर तसंच होतं, आणि मी सोडला नाही.

एसटीचा पास
सगळे निवडीवर बोलताय. आमच्या कॉलेजात ऐच्छिकच्या रकान्यात एकच पेपर छापलेला असतो! कागदावर तीन, शिकवायला माणूस एकाच पेपरला. बसून बघायचं तरी काय?

शिवाय पहिले दोन आठवडे कुणाचे? प्रवेशफेऱ्या लांबतात, शेवटच्या फेरीतली पोरं येतात तेव्हा एक चाचणी झालेली असते. मी रोज ४२ किलोमीटरवरून येतो, सकाळची गाडी चुकली की पहिला तास गेलाच. माझ्यासारख्याला अभ्यासक्रम आणि गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका प्रवेशाआधी मराठीत मिळाली तरी पुष्कळ झालं. आणि ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे विषय सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत घेता येतात, असा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०२१ चा नियम आहे. तो आमच्या नोटीस बोर्डावर कधीच लागला नाही. आधी तो लावा, मग खिडकी उघडायची की नाही ते बोलू.

नदीकाठची
एसटीचा पासदादा, एकच पेपर असणं हा माझ्यापेक्षा मोठा अन्याय आहे, मान्य. दोन आठवडेही ज्याच्या त्याच्या प्रवेशाच्या तारखेपासून मोजायला हवेत, हे मला सुचलं नव्हतं.

मास्तर, तुमच्या मानधनावर घाला घालून मला माझी आवड नको. पेपर चालवायचा की नाही हे प्रवेशाच्या दिवशीच्या आकड्यावर ठरवा आणि तोच आकडा वर्षभर वर्कलोडला धरा. नंतर चार पोरं इकडची तिकडे झाली तरी तास बंद पडू नये.

तासिकेवरचा मास्तर
आकडा गोठवला तर माझा अर्धा विरोध संपला. उरलेला अर्धा कायम आहे. पळवाटेला मार्गदर्शक लागेल, आणि आमच्या विभागात मान्य पदं चार, भरलेलं एक. तो अर्धा तास कोण देणार?

खिडकीपलीकडून
बदल एकदाच, आणि विद्यार्थ्याने स्वतःच्या लॉगिनमधून करायचा. परीक्षा अर्ज सुटण्याआधी यादी बंद. एवढं असेल तर माझी ना नाही. तोंडी मात्र काही करायचं नाही. ताई, अर्ज लिहून प्राचार्यांमार्फत अभ्यास मंडळाकडे आणि विद्या परिषदेकडे पाठवा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नदीकाठची
उद्याच लिहिते, काका. तोवर इकॉनॉमेट्रिक्सच्या सरांनी शेवटच्या बाकावर बसायला परवानगी दिलीय. दर बुधवारी जाते. हजेरीत माझं नाव नसतं, पण कांद्याचं ते गणित आता मी स्वतः मांडते.