तळ्यावर काल कोण कोण दिसलं?

बी ४०३ ताई: काल दुपारी मागच्या राईत आणि तळ्यावर जे फिरले, त्यांनी आपापली यादी इथे टाका. माझी: हळदी-कुंकू बदकं, थापट्या, वारकरी, टिबुकल्या, वंचक, लहान बगळा, खंड्या, पाणकावळे. राईत नाचण, टकाचोर आणि सातभाईंचा नेहमीचा गोंधळ. वर घारी आणि एक शिक्रा.

ए १०२ काका: भर दुपारी कोण जातं पक्षी बघायला? पक्षी पहाटेच बघायचे.

बी ४०३ ताई: राईपुरतं तुमचं खरं आहे काका. ऊन चढलं की झाडांतले पक्षी गप्प बसतात, ते कलत्या उन्हात पुन्हा बोलायला लागतात. पण बदकं दिवसभर पाण्यातच असतात. शिवाय जमीन तापली की गरम हवा वर चढते आणि तिच्यावर घारी, शिक्रे आरामात घिरट्या घालतात. पहाटे त्यांची ही ऐट दिसत नाही. फक्त बसायचं पश्चिम काठावर, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. समोरच्या काठावरून काढलेले सगळे फोटो काळे आलेत.

सी २०१: टोमणा पोचला 😄 त्यातलाच एक बघा. पंख पसरून ओंडक्यावर बसलेलं हे बदक कुठलं?

ए १०२ काका: बदक कसलं, पाणकावळा तो. बदकाच्या अंगावरून पाणी ओघळून जातं, याची पिसं भिजतात. बुडी मारायला ते सोयीचं, पण नंतर असं वाळत बसावं लागतं.

बी ७०१ आजी: मला त्या मातकट बगळ्याची गंमत वाटली. पायाजवळ असून दिसला नाही, आणि उडाला तर पांढराशुभ्र!

बी ४०३ ताई: तोच वंचक, आजी. पंख मिटले की पांढरं सगळं झाकलं जातं.

सी ५०४ दादा: पण दुसरा पांढरा होता तो गाय बगळा. लहान बगळा नव्हे.

बी ४०३ ताई: चोच बघितलीस का? गाय बगळ्याची पिवळी असते, याची काळी होती. पाय काळे आणि खाली पंजे पिवळेधमक, मोजे घातल्यासारखे. एक पाय पुढे करून तो चिखलात थरथरवत होता. मासोळी दचकून हलली की टिपायची. मग पाऊलभर पुढे, पुन्हा तेच. बाकी सगळे थापट्याची पसरट चोच बघण्यात दंग होते, पण काल खरं बघण्यासारखं हे होतं.

सी ५०४ दादा: पंजे नाही पाहिले. दुर्बीण घ्यायलाच हवी. १०×५० बरी ना?

बी ४०३ ताई: ८×४२ घे. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. दहा पटीत हाताची थरथरही दहा पट दिसते, आणि ती जड पण असते.

सी २०१: मुलांनी मोबाईलवर दयाळ पक्ष्याचा आवाज लावला, तर पठ्ठ्या लगेच समोरच्या फांदीवर हजर!

बी ४०३ ताई: ते मात्र नको. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं त्याला वाटतं. खाणंपिणं सोडून तो भांडायला येतो, आणि समोर कोणीच नसतं. आवाज ओळखायला मर्लिन ॲप चांगलं आहे, ते नुसतं ऐकतं. पण त्याने नाव सांगितलं म्हणून लगेच यादीत घालू नका. कोतवाल पक्षी शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो.

सी २०१: ओके ताई, मुलांना सांगते.

सेक्रेटरी: नमस्कार. विषय निघालाच आहे म्हणून. डास होतात, तेव्हा तळ्याच्या काठचं गवत आणि पाण्यातली सगळी वनस्पती काढून टाकावी अशी काही सभासदांची मागणी आहे.

ए १०२ काका: सरसकट नको! जलपर्णी जरूर काढा. ती सगळं पाणी झाकते, खाली उजेड आणि हवा जात नाही. पण पाणकणीस आणि कमळाची पानं राहू द्या. टिबुकलीचं घरटं पाणवनस्पतींच्याच आधाराने तरंगतं. बाहेर पडताना ती अंड्यांवर ओलं शेवाळ-गवत ओढून ठेवते, जवळून गेलात तरी कचरा वाटेल. आणि कमळपक्षी पानांवर अंडी घालतो. मादी दुसरीकडे नवा संसार मांडायला मोकळी, अंडी उबवायची नराने, पिल्लंही त्यानेच सांभाळायची.

बी ७०१ आजी: हे १०२ च्या काकूंनी वाचलं का? 😂

ए १०२ काका: तिने वाचलंय. चहा आज मी केलाय.

सेक्रेटरी: आणि डासांचं काय?

बी ४०३ ताई: तळ्यात मासे आहेत, चतुरांची पिल्लं आहेत, दोघंही डासांच्या अळ्या खातात. आधी कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरचे उघडे डबे बघा, तिथे खाणारं कोणी नाही. जलपर्णी काढायची तर आता काढा. पावसाळ्यात वीण असते, तेव्हा काठाला हात नको.

सेक्रेटरी: ठीक. फक्त जलपर्णी, पावसाळ्याआधी. मीटिंगमध्ये मांडतो. पण पार्किंगचा मुद्दा आधी.

ए १०२ काका: पार्किंग मरू दे. ताई, रविवारी किती वाजता?

बी ४०३ ताई: साडेतीन, पश्चिम काठ. भडक शर्ट नको काका.