बी-२०३ ची तिसरी पावती

बी-२०३ गुरुजी (सकाळी ७.०४): आजच्या बिलात मागील बाकी १३,५०० आणि वर व्याज. गेल्या वर्षीचे मेंटेनन्सचे एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, तिन्ही हप्ते मी भरलेले आहेत. पावत्यांचे फोटो टाकले आहेत. तीस वर्षं शाळेत फी गोळा केली, कुणावर असं बालंट घेतलं नाही.

खजिनदार: नमस्कार गुरुजी. एक्सेल शीटमध्ये तुमचा एकच भरणा दिसतोय, ४,५००, ५ एप्रिल. व्याज मी मनाने लावत नाही. सोसायटीच्या उपविधीत वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के आहे, सभेत तेच ठरलं. तेव्हा तुम्हीही हात वर केला होता.

बी-२०३ गुरुजी: पावत्यांचे फोटो वर आहेत.

सी-१०१: टाकी परत वाहतेय. मे महिन्यात टँकरच्या मागे धावायचं आणि आता शीळ धरणाचं पाणी गटारात.

ए-२०१: विषय निघालाय तर जिन्याखालची स्कूटर कधी हलणार? गणपतीपासून तिथेच आहे.

सी-३०२: भाऊ मुंबईहून आला की नेईल. चार वेळा सांगितलंय.

ए-२०१: सांगितलंत चार वेळा, नेलीत एकदाही नाही.

ए-३०२: खजिनदारकाका, बिलाच्या शीटला व्हीलुकअप लावलाय का, फ्लॅट नंबरवरून रक्कम शोधणारा फॉर्म्युला?

खजिनदार: हो. आधीच्या कमिटीने लावून ठेवलेला, मी फक्त खाली ओढतो.

ए-३०२: मग घोळ तिथेच आहे. व्हीलुकअप वरून खाली शोधत जातो आणि बी-२०३ पहिल्यांदा दिसलं की थांबतो. पुढच्या ओळी बघतच नाही. म्हणून एप्रिलचेच पैसे दिसतात.

बी-१०१ काकी: म्हणजे गावात सावंतांचा घर विचारीत गेलो आणि पयल्याच सावंताकडे च्या पिऊन परत इलो 😄

ए-३०२: अगदी तसंच काकी.

बी-२०३ गुरुजी: पावत्यांचे फोटो वर आहेत. व्याज कोण काढणार?

ए-३०२: गुरुजी, दहा मिनिटं द्या. काका, नुसती बेरीज समइफने होईल. पण व्याज तारखेवर चालतं, तेव्हा दुसरा हप्ता कधी, तिसरा कधी, हे वेगळं काढायला हवं. त्यासाठी इंडेक्स, स्मॉल आणि इफ एकात एक घालायचे. इफ फ्लॅटच्या कॉलममधली प्रत्येक ओळ तपासतो. बी-२०३ असेल तिथे ओळीचा क्रमांक ठेवतो, नसेल तिथे फॉल्स. स्मॉल फॉल्स सोडून देतो आणि क्रमांकांतला दुसरा लहान, तिसरा लहान, आपण सांगू तो उचलतो. इंडेक्स त्या ओळीवरची तारीख आणतो. यादी दुसऱ्या ओळीपासून आहे, म्हणून क्रमांकातून १ वजा करा, नाहीतर एक ओळ खालचं उत्तर येईल, म्हणजे भलत्याच माणसाची तारीख.

खजिनदार: केलं. एरर येतोय.

ए-३०२: नुसतं एंटर दाबलंत का? तुमचं एक्सेल २०१० आहे. कंट्रोल आणि शिफ्ट धरून एंटर दाबा. महिरपी कंस आपोआप येतील, हाताने टाकू नका.

खजिनदार: लाईट गेली.

सी-१०१: लाईट गेली म्हणून पंप बंद, म्हणून टाकी वाहायची थांबली. फ्लोट व्हॉल्व्ह कधी बदलणार ते सांगा.

ए-२०१: आणि स्कूटर.

खजिनदार (९.४०): आली. दुसरा हप्ता ८ जुलै, ४,५००. तिसऱ्याला एरर. म्हणजे ऑक्टोबर भरलेला नाही.

बी-२०३ गुरुजी: ऑक्टोबरची पावती तुमच्याच सहीची आहे!! मोठी करून बघा.

खजिनदार: मी हे काम बिनपगारी करतो गुरुजी. कुणाला हवं असेल त्याने वह्या घेऊन जाव्या.

बी-१०१ काकी: ओ, सकाळीच भांडू नका. सभा ३० तारखेच्या आत करूची हा.

ए-३०२: काका, शीट मला पाठवा.

ए-३०२ (१०.१५): सापडलं. ऑक्टोबरची नोंद आहे, पण तिथे बी-२०३ नंतर एक मोकळी जागा पडली आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण एक्सेलला ते वेगळं नाव वाटतं. जादा मोकळी जागा काढणारा ट्रिम लावल्यावर तिसरा हप्ता आला, ११ ऑक्टोबर, ४,५००. अशा आणखी पाच ओळी आहेत, एक ए-२०१ ची.

ए-२०१: माझी?? मीही व्याज भरलंय!

खजिनदार: गुरुजी, माफ करा. टायपिंग माझंच. ए-२०१, तुमचंही वळतं करतो. सगळ्यांची बिलं आज रात्री नव्याने काढतो.

बी-२०३ गुरुजी: ठीक. म्हणजे बाकी काही नाही ना?

ए-३०२: गुरुजी, चौथा मागितला की ट्रिमनंतरही एरर येतो. जानेवारीची ओळच नाही. ४,५०० वर महिन्याला ७८ रुपये ७५ पैसे व्याज होतं.

बी-२०३ गुरुजी: हा संदेश हटवला आहे.

बी-२०३ गुरुजी (११.३०): जानेवारीत आम्ही मुलाकडे पुण्याला होतो. पावती माझ्याकडेही नाही. पासबुक भरून आणतो, मग बोलू. ए-३०२, बाळा, संध्याकाळी घरी ये. तो फॉर्म्युला मला वहीत लिहून हवाय.

खजिनदार: मीही येतो गुरुजी. नवीन पावतीपुस्तक घेऊन.

सी-१०१: टाकी परत वाहतेय.