नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचं गाडं कोचमुळे अडलंय का?

लिंकनकर: पोरगा इथे शिकतोय म्हणून बघायला लागलो, २००३ ला कोच सोलिचला ९-३ (९ जिंकले, ३ हरले) असताना काढलं, २०१४ ला पेलिनीलाही ९-३ वरच, मग रायली, फ्रॉस्ट, आता रूल... स्टेडियम मात्र १९६२ पासून हाऊसफुल! सारखा कोच बदलून टीम उभी राहते का राव?

पारावरचा: कसली उभी राहते. शेजारी आयोवात फेरेन्ट्झ १९९९ ला १-१०, पुढच्या वर्षी ३-९, तरी ठेवला, २००२ ला ११-२. आता तर कोच गेला की पोरं ट्रान्सफर पोर्टलमधून (खेळाडूंनी कॉलेज बदलायची सोय) पसार.

शंकासुर: मग इंडियाना? २०२३ ला ३-९, सिग्नेटी कोच म्हणून आला आणि लगेच ११-२.

पारावरचा: अहो तो आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठाची पोरं न् स्टाफ सोबत घेऊनच आला, नवीन फक्त जर्सी होती 😄