दरवर्षी नवा अध्यक्ष, दरवर्षी नवं काम: सेवा क्लबांचं हे बरोबर आहे का?

होटगीरोडकर
जुलै लागला. आपल्या सोलापुरातल्या रोटरी, लायन्ससारख्या सेवा क्लबांचे पदग्रहण समारंभ आता महिनाभर चालतील. नव्या अध्यक्षाच्या गळ्यात कॉलर म्हणजे पदाची पट्टी, समोर घंटा, मागे फ्लेक्स. पहिला कार्यक्रमही ठरलेला असतो, डॉक्टर आणि सीए यांचा सत्कार, कारण १ जुलै हा दोघांचाही दिन. क्लबात डॉक्टर आणि सीएच जास्त, त्यामुळे आपलीच शाल आपल्याच खांद्यावर. असो.

मी स्वतः एका क्लबचा सभासद आहे, नाव सांगत नाही. माणसं चांगली आहेत, खिशातले पैसे घालतात. माझा आक्षेप एकाच गोष्टीवर आहे. अध्यक्ष वर्षाने बदलतो आणि प्रत्येकाला 'आपल्या वर्षाचं' काम दाखवायचं असतं. मागच्याने शाळेत पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं. त्याचा फिल्टर बदलण्यात पुढच्याला काय गोडी? फिल्टरचं उद्घाटन होत नाही. मग तो दुसऱ्या शाळेत दुसरं यंत्र बसवतो, पहिलं यंत्र दप्तरं टेकवायला उपयोगी पडतं. वृक्षारोपणाचंही तेच. खड्डा जुन्या अध्यक्षाचा असला तरी रोप नवीन, कारण जुनं मे महिन्यातच गेलेलं असतं.

दुसरं म्हणजे पाहुण्यांची व्याख्यानं. ताणमुक्त जीवन, गुंतवणूक, मणक्याचे व्यायाम. उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये गेली', म्हणजे धरणाचं पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली उतरलं, हे गावभर बोललं जातं. पण धरणाच्या ११७ टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यातच धरलंय, शहराच्या पाण्यासाठीच्या औज बंधाऱ्याकरता भीमेत सोडलेलं पाणी टाकळीच्या पंपांपर्यंत येताना वाटेत किती जिरतं, हे सांगणारा पाणीपुरवठ्यातला निवृत्त अभियंता आपल्या व्यासपीठावर कधी बसलाय?

माझं म्हणणं एवढंच. एक काम निवडा आणि पाच वर्षं तेच करा. अध्यक्ष बदलू दे, काम बदलायचं नाही.

नवीपेठ_जुनादुकानदार
मी अध्यक्ष राहिलोय, त्यामुळे उत्तर द्यावं लागेल.

अध्यक्ष वर्षाने उतरतो म्हणूनच क्लब कुणाच्या घरचा होत नाही. जिल्ह्यातल्या बँका, कारखाने, शिक्षण संस्था बघा. खुर्चीवर बसलेला माणूस पुढे मुलाला बसवूनच उठतो. इथे ३० जूनला कॉलर काढून द्यावीच लागते. ही शिस्त तुम्हाला दोष वाटते?

आणि दीर्घ काम होत नाही असं कोण म्हणतं? रोटरीने पोलिओचं काम १९८५ साली हाती घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तेवढ्या काळात एकेका क्लबचे पंचवीस-तीस अध्यक्ष बदलले. काम थांबलं का?

सत्काराला हसू नका. आज शाल घेतलेला डॉक्टर उद्या शिबिरात दोनशे माणसं फुकट तपासतो. त्याच्या दवाखान्यात जाऊन 'साहेब, या की' म्हणायला आधी ओळख लागते, आणि ती ओळख जेवणाच्या टेबलावरच होते.

होटगीरोडकर
पोलिओचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. ते काम वरून ठरलेलं होतं. 'यंदा पोलिओ नको, यंदा योगासनं घेऊ' असं म्हणायची कुणा अध्यक्षाला सोय नव्हती. तशी सोय इथल्या कामातही काढून टाका, एवढंच मागतोय.

अशोकचौक_लूमवाला
माझं जरा वेगळं आहे. आमच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, मोतीबिंदूची शिबिरं लई झाली, चांगलंच झालं, आमच्या आजीचा डोळाही त्यातच झाला. पण यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसाचा कान कुणी तपासलाय का हो? वडिलांना घरात हाक मारली तर ऐकू येत नाही, आम्ही खांद्याला हात लावून बोलतो. गल्लीत असे घरोघरी आहेत. आवाजाने गेलेला कान परत येत नाही, मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून भागत नाही. म्हणजे जायच्या आधीच काहीतरी करायला पाहिजे. त्यात फोटो कशाचा काढणार?

कानात घालायचे बोळे स्वस्तात मिळतात. कामगार घालत नाहीत, कारण तुटलेला धागा, बिघडलेला लूम आवाजावरून कळतो असं ते म्हणतात. हे समजून घ्यायला कारखान्यात येऊन बसावं लागतं, शामियाना टाकून चालत नाही.

अजून एक. शिबिरात फॉर्म इंग्रजीत, बोलणारे मराठीत आणि समोर बसलेली म्हातारी तेलुगू. एक तेलुगू बोलणारा पोरगा टेबलाशी उभा करायला कुठला निधी लागतो?

नवीपेठ_जुनादुकानदार
हे मान्य. तेलुगूचं तर लगेच करता येईल.

रक्तपेढीवाला
होटगीरोडकर, तुमचं 'एकच काम पाच वर्षं' मला पटत नाही. रक्तदान शिबिरं गावात वर्षानुवर्षं तीच चालू आहेत, सातत्याला काहीच कमी नाही. घोळ तारखांचा आहे. जयंत्या, १५ ऑगस्ट, नेत्यांचे वाढदिवस, सगळी शिबिरं त्याच दिवसांत. लाल पेशी साठवणीच्या पद्धतीनुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त ५ दिवस. एका आठवड्यात पिशव्यांचा ढीग लागला की त्यातल्या काही मुदत संपून टाकाव्या लागतात. वर ज्याने आज दिलं तो पुरुष असेल तर तीन महिने आणि स्त्री असेल तर चार महिने बाद.

खरी ओढाताण एप्रिल-मेमध्ये. कॉलेजं बंद, ऊन चाळिशीच्या वर, दाते गावाला. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलाला मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्याला उन्हाळ्याची सुट्टी नसते. सगळ्या क्लबांनी मार्चमध्ये एकदा एकत्र बसून तारखा वाटून घेतल्या तरी पुष्कळ झालं. पण बसत नाहीत, कारण शिबिर 'आपल्या' अध्यक्षाच्या वाढदिवसालाच हवं असतं.

काय_बे
इतका वेळ वाचायलोय. क्लबात जेवणाची प्लेट किती रुपयांची पडते ते कुणीच सांगेना.

नवीपेठ_जुनादुकानदार
काय_बे, जेवण सभासदाच्या वर्गणीतून होतं, देणगीतून नाही. हा आरोप कायमचा आहे, म्हणून एकदा लिहून ठेवतो.

रक्तपेढीवाल्यांना उत्तर: आपल्याच वाढदिवसाला शिबिर घेतलं तर शंभर माणसं येतात, सोयीच्या तारखेला घेतलं तर पंधरा. दाता माणसासाठी येतो. हे गावाचं वास्तव आहे, नुसत्या वेळापत्रकाने रक्त मिळत नाही.

आणि व्याख्यानांवर इतका राग कशाला? रोटरीची सुरुवात बघा, १९०५ साली शिकागोत चार माणसं एकत्र आली ती मैत्रीसाठी आणि धंद्याच्या ओळखीसाठी. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बसायची. सेवा नंतर सुरू झाली, आणि पहिलं मोठं सार्वजनिक काम होतं शहरात लोकांसाठी स्वच्छतागृहं. आधी बैठक, मग काम, हाच क्रम आहे. दिवसभर दुकान करून आलेल्या माणसाने मणक्याचे व्यायाम ऐकले तर गावाचं काय बिघडतं?

जुळेसोलापूरची_वहिनी
शिकागोची स्वच्छतागृहं बरी आठवली तुम्हाला. मधला मारुती, नवी पेठ, चाटी गल्ली या बाजारात लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बायकांना एकदा विचारा, दुपारभर पाणी का पीत नाहीत ते. रोटरीच्या नियमात बायकांना १९८९ साली जागा मिळाली. त्याआधी बायका बैठकीत असत्या तर हा विषय इतका मागे पडला नसता, असं मला वाटतं. तुम्हाला राग आला तर येऊ दे.

पण शिलाई मशीन वाटपाला सरसकट नावं ठेवायची फॅशन झालीय, ती मला मान्य नाही. दुसऱ्या गावात ते फोटोपुरतं असेल. आपल्याकडे गणवेशाचा धंदा आहे, जॉबवर्क मिळतं, विडीच्या तंबाखूतून बाहेर पडायला बायकांना हा एक खरा रस्ता आहे. फक्त पायाने चालवायचं घरगुती मशीन देऊ नका. त्यावर कारखान्याचं काम मिळत नाही, जुकीसारखं कारखान्यातलं वेगवान मशीन लागतं, कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉक लागतं. पंचवीस बायकांना पंचवीस साधी मशीनं देण्यापेक्षा कामाच्या मशीनवर पाच जणींना बसवा, शिकवा आणि पहिली ऑर्डर मिळवून द्या. फोटोत पाचच जणी दिसतील, त्याला इलाज नाही.

होटगीरोडकर
वहिनी, स्वच्छतागृहाचाच विषय धरू. बांधणं सोपं आहे. रोज दोनदा धुणारी बाई, तिचा पगार, पाणी, तुटलेली कडी, हे सगळं सांभाळायला अध्यक्षाच्या वर्षात जागा नाही. म्हणून माझी सूचना अशी: पाच वर्षांच्या सफाईचे पैसे आधी बँकेत ठेवा, मगच कुदळ मारा. जमत नसेल तर बांधू नका.

नवीपेठ_जुनादुकानदार
कागदावर छान आहे. देणगीदार इमारतीला पैसे देतो, कारण पाटीवर आईवडिलांचं नाव लागतं. सफाईच्या पगाराला कोण देणार? रोटरीच्या ग्लोबल ग्रँटकडे, म्हणजे मोठ्या कामांना मिळणाऱ्या रोटरीच्या अनुदानाकडे जायचं तर प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा हवा, परदेशातला क्लब भागीदार हवा, गरजेची पाहणी हवी, काम पुढे कसं टिकणार ते लिहून द्यावं लागतं. म्हणजे तुम्ही मागताय ती शिस्त तिथे आहे. पण एवढ्या उठाठेवीत अध्यक्षाचं वर्ष संपून जातं आणि लोक विचारतात, 'यांनी काय केलं?' तुमच्यासारखेच विचारतात.

अशोकचौक_लूमवाला
मग एक वर्ष काहीच नका करू की. नुसतं पाहणी करा, आधी दिलेलं काय चालू आहे न् काय बंद आहे. यादी लावा बैठकीत. पाहुण्याच्या भाषणाऐवजी तीच वाचा.

रक्तपेढीवाला
ही सूचना मात्र पटली. खर्चही नाही.

नवीपेठ_जुनादुकानदार
यादीला माझी हरकत नाही, पण ती आधीच्या अध्यक्षांची अब्रू काढायला वापरली जाईल, हे आत्ताच सांगून ठेवतो. बंद यंत्राचं कारण कधी क्लब असतो, कधी शाळेने लाइटबिल भरलेलं नसतं. दोन्ही रकाने ठेवणार असाल तर पुढच्या बैठकीत मी मांडतो. स्वच्छतागृहाचा विषयही घेतो, वहिनींनी स्वतः येऊन बोलावं.

जुळेसोलापूरची_वहिनी
येते. बैठक रात्री आठची ठेवू नका, आणि आमच्या भागात पाणी सुटतं त्या दिवशी तर अजिबात नको. जागा महापालिकेची असणार, तेव्हा परवानगीचं पत्र कोण घेऊन येतंय आणि रोज सकाळी कुलूप कोण उघडणार, ही दोन नावं ठरवूनच मला बोलवा. पाटीवर कुणाचंही नाव लावा.