कँटीन सोडा, स्टेशनपर्यंत चाला

कॉलेजच्या निवडणुकीत सीआर (वर्गप्रतिनिधी) म्हणून निवडून कसं यायचं, असं विचारलं की सल्ला ठरलेला: इन्स्टावर रील आणि भिंतीवर झकास छापील पोस्टर, एवढं केलं की झालं. पोस्टरचं विसरा. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या २००६ च्या शिफारशींनुसार पोस्टर हातानेच बनवायचं, तेही ठरवून दिलेल्या जागीच लावायचं. खर्चाची मर्यादा उमेदवारामागे ५,००० रुपये. (मुंबईत तेवढ्यात दोन मोठ्या वर्गांचा वडापाव-कटिंगही होत नाही. आणि तो खिलवूही नका.)

मी सीआरसाठी दोनदा उभा राहिलो, पहिल्यांदा सणकून आपटलो. सगळा प्रचार कँटीनमध्ये केला होता आणि तिथे बसणारे आधीच माझे मित्र होते. शेवटचं लेक्चर संपलं रे संपलं की कसारा किंवा विरार लोकल गाठायला पळणारी पोरं मला ओळखतच नव्हती. दुसऱ्या वर्षी रोज त्यांच्याबरोबर स्टेशनपर्यंत चाललो. तिथे कळलं की परीक्षेच्या फॉर्मची खिडकी साडेअकराला उघडते आणि तोवर थांबलं तर पार्ट-टाइम नोकरीला उशीर होतो. मग माझा जाहीरनामा एका ओळीचा झाला: खिडकी नऊला उघडायची. पण ते जमेल का, हे आधी ऑफिसात विचारून आलो. लोक हेच करत नाहीत, फुकट वायफाय कबूल करून मोकळे होतात.

आणि हो, अर्ज भरण्याआधी हजेरी बघा. किमान ७५ टक्के लागते. आमचा सगळ्यात तगडा उमेदवार छाननीतच उडाला होता.