मदत हवी आहे: 9 मिनिटांच्या लघुपटासाठी प्रेक्षक-पाहणी केली, 46 फॉर्म आले, आता त्यांचं करू काय?

शेवटची_सीट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा लघुपट आहे, 9 मिनिटांचा. गोष्ट थोडक्यात: निपाणी स्टँडवर नणंद-भावजय बेळगावच्या बसमध्ये चढतात. भावजय निपाणीची, तिला शून्य तिकीट, कारण शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना तिथल्या सरकारी बसमध्ये प्रवास फुकट. नणंद कागलला, म्हणजे महाराष्ट्रात दिलेली, तिला पूर्ण पैसे. त्या एका तिकिटावरून दोघींचं जुनं काय काय बाहेर निघतं. संवाद आपल्या सीमाभागातल्या बोलीत, कंडक्टर कन्नड मिसळून बोलतो.

पटकथेला प्रेक्षक-पाहणी जोडायची आहे. गूगल फॉर्म वॉट्सॲपवर फिरवला, 46 उत्तरं आली, त्यातले 39 जण 18 ते 22 वयाचे. ‘सामाजिक विषयावरचा लघुपट बघायला आवडेल का?’ याला 43 जणांनी हो म्हटलंय. ‘लांबी किती असावी?’ याला बहुतेकांचं 5 ते 10 मिनिटं. खरं यावरून पटकथेत काय बदलायचं ते कळंना झालंय. शूटिंगला तीन आठवडे आहेत. नवा फॉर्म करू का? किती माणसं लागतील?

खडेबाजार

फॉर्म फेकू नका, फक्त त्या 46 जणांना ‘प्रेक्षक’ म्हणू नका. अहवालात ‘ओळखीतली महाविद्यालयीन मुलं’ असा एक गट म्हणून दाखवा. 46 माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली असती तर टक्केवारी साधारण 15 टक्क्यांनी इकडेतिकडे धरावी लागली असती. 100 असती तर 10 टक्क्यांनी, 400 असती तर 5 टक्क्यांनी. पण हा हिशेब चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांचा. त्याच वॉट्सॲप ग्रुपांतून 400 जण गोळा केलेत तरी तोच दोष राहणार, उलट आकडा मोठा दिसतो म्हणून विश्वास जास्त बसेल.

खरी अडचण प्रश्नांत आहे. ‘सामाजिक विषय आवडेल का?’ याला तोंडावर नाही कोण म्हणणार? आवड विचारू नका, केलेलं विचारा. ‘मागच्या आठवड्यात फोनवर शेवटपर्यंत पाहिलेला सगळ्यात लांब व्हिडिओ कोणता? साधारण किती मिनिटांचा? कानात हेडफोन होते का?’ माणूस आठवून सांगतो, आणि मधे सोडून दिलेल्या व्हिडिओबद्दलही बोलून जातो. ते जास्त कामाचं.

फॉर्म नव्याने लिहिण्याआधी वहीत दोन रकाने आखा. डावीकडे प्रश्न, उजवीकडे ‘उत्तर असं आलं तर पटकथेत हे करीन, तसं आलं तर ते करीन’. उजवीकडे दोन्ही वेळा तेच लिहावं लागलं तर प्रश्न खोडा. तुमच्या गोष्टीत मला पाचच निर्णय दिसतात: लांबी, कुठल्या लिपीत सबटायटल, शून्य तिकीट समजावून सांगायचं की नाही, कंडक्टरचं कन्नड किती ठेवायचं आणि शेवट. पाच निर्णयांना आठ-नऊ प्रश्न पुरतात. बारावर गेलात की शेवटची उत्तरं नुसती टिकमार्क होतात.

घटप्रभा_काठ

तुमची पाहणी जिंकणार किंवा बुडणार ती भाषेच्या प्रश्नावर. ‘तुमची मातृभाषा कोणती?’ असं या भागात कागदावर विचारलं की लोक उत्तर देत नाहीत, बाजू घेतात. शिवाय उत्तर मिळून उपयोग शून्य, कारण घरात मराठी बोलणारा पण कन्नड माध्यमात शिकलेला माणूस देवनागरी अडखळत वाचतो, आणि दुकानात दिवसभर कन्नड बोलणाऱ्याला कन्नड अक्षर वाचता येईलच असं नाही. म्हणून तीन वेगळे प्रश्न करा. घरात कोणती भाषा जास्त बोलता? बाजारात, बसमध्ये कोणती? आणि टीव्हीवर अक्षरं भरभर सरकली तर कुठल्या लिपीतली वाचून होतात? यात ‘दोन्ही’ आणि ‘एकही नाही’ हे पर्याय हवेतच. सबटायटलचा निर्णय तिसऱ्या प्रश्नावर ठरेल, पहिल्यावर नाही.

फॉर्म मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवा. कन्नड मजकूर दुसऱ्या कुणाकडून परत मराठीत करवून घ्या आणि मूळ प्रश्नाशी ताडून बघा. ‘तिकीट माफ’ आणि ‘तिकीट नाही’ यांची गल्लत इथेच सापडते. मराठी फॉर्मवर ‘बेळगाव’, कन्नड फॉर्मवर ‘बेळगावी’ असंच लिहा. एकाच कागदावर एकच रूप छापलंत तर अर्धी माणसं मथळा बघूनच परत देतील. 1 नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, आणि इथल्या मराठी माणसांचा काळा दिवस) आसपासचा आठवडा पाहणीसाठी टाळा.

गूगल फॉर्ममध्ये ‘एकच उत्तर’ ही सोय चालू असली की लॉगिन मागतं. घरातल्या एकाच फोनवरून सासू-सून दोघींना भरायचं असेल तर दुसरी तिथेच अडते. बंद करा. वयोगट सोडून बाकी पर्यायांचा क्रम आपोआप बदलता ठेवा. आणि प्रत्येक ग्रुपला गावाचं नाव आधीच भरलेली वेगळी लिंक द्या, नाहीतर निपाणीचं उत्तर कुठलं आणि पुण्याचं कुठलं हे नंतर शोधत बसाल.

शेवटची_सीट

दोघांचेही आभार. शून्य तिकीट समजावून सांगायचं का, हा निर्णय प्रश्नावरून कसा काढायचा? ‘शक्ती योजना माहीत आहे का?’ असं विचारू?

तिसरी_घंटा

नको. ‘माहीत आहे का?’ याला लाजेकाजेनं हो येतं. हे फॉर्मवर कळणारच नाही, दाखवून बघावं लागेल.

कर्नाटकात ही योजना 11 जून 2023 ला सुरू झाली. निपाणी-बेळगावच्या प्रेक्षकाला कंडक्टरनं ओळखपत्र बघितलं आणि शून्याचं तिकीट फाडलं की पुढचं सगळं कळतं. पुण्याच्या बाईला एसटीच्या अर्ध्या तिकिटाची सवय. तिला वाटेल एकीचं अर्धं आणि एकीचं पूर्ण, किंवा भावजयीकडे पास आहे. मग नणंदेचा राग तिला फुकाचा वाटतो आणि सहाव्या मिनिटाचं भांडण पडतं.

करायचं असं. सगळे शॉट फोनवर स्थिर फोटोत काढा, संवाद मित्रमैत्रिणींच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि फोटोंवर बसवून 9 मिनिटांचा कच्चा व्हिडिओ करा. दोन दिवसांचं काम आहे. तो 24 जणांना दाखवा: 8 निपाणी-चिकोडीकडचे, 8 बेळगाव शहरातले, 8 कोल्हापूर-पुण्याचे. प्रत्येक आठात चाळिशीपुढच्या निदान तीन बायका हव्यात, कारण गोष्ट त्यांची आहे आणि तुमच्या 46 मध्ये त्या जवळजवळ नाहीत. एका वेळी एकच माणूस, त्याच्याच फोनच्या स्पीकरवर. लॅपटॉपला हेडफोन लावून दाखवलंत तर इंजिनाच्या घरघरीखाली दबलेला संवाद तुम्हाला कळणार नाही.

बघताना मधे बोलू नका. नजर व्हिडिओवरून हटली की मिनिट-सेकंद टिपा. संपल्यावर तीनच प्रश्न. ‘काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा.’ ‘दोघींना वेगळं तिकीट का दिलं?’ ‘कुठला शब्द अडला?’ आवडला का, हे विचारूच नका. आठांपैकी तिघांना तिकिटाचं कारण सांगता आलं नाही तर कंडक्टरच्या तोंडी एक वाक्य घाला किंवा तिकिटावरचा शून्य जवळून दाखवा. निवेदन नको, बसमधली हवा जाते. फक्त खरं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरताना नंबर झाका.

तिसऱ्या प्रश्नावर जरा थांबा. तुमच्या वरच्याच पोस्टमध्ये ‘खरं यावरून पटकथेत काय बदलायचं’ असं वाक्य आहे. आपल्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. ‘मी येणार होते, खरं बोलावलं कुणी?’ हे वाक्य पुण्यात ‘खरंच, बोलावलं कुणी?’ असं ऐकलं जाईल आणि नणंदेचा टोमणा बोथट होईल. बोली बदलू नका. सबटायटलमध्ये तिथे ‘पण’ लिहा.

घटप्रभा_काठ

सबटायटलवरून आठवलं. एका वेळी दोन ओळी, त्याहून जास्त नको. एका ओळीत साधारण 40 अक्षरं धरतात, पण सॉफ्टवेअर काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजतं, म्हणून आकड्यावर विसंबू नका, मोठ्यानं वाचून बघा. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग (ओत्तक्षर) खाली लोंबतो. ओळींमधलं अंतर देवनागरीइतकंच ठेवलंत तर वरच्या ओळीचं ओत्तक्षर खालच्या ओळीवर चढतं. कडक उन्हातल्या बसच्या खिडकीवर पांढरी अक्षरं दिसत नाहीत, काळी कड द्या.

खडेबाजार

शेवटासाठी गटचर्चा घ्या. सहा जणी, 40 मिनिटं, पटकथेची शेवटची दोन पानं वाचून दाखवायची. चर्चेआधी प्रत्येकीला चिठ्ठीवर एक ओळ लिहायला सांगा: पुढच्या स्टॉपवर नणंद काय करेल? लिहिता येत नसेल तर कानात विचारून तुम्ही लिहा. नाहीतर पहिली बोलेल तेच सहाही जणी म्हणतील. आणि कृपा करून एकाच घरातल्या नणंद-भावजया एका गटात बसवू नका, दोघीही ‘छान आहे’ म्हणून उठतील.

18 वर्षांखालचं कुणी असेल तर आधी पालकांची लेखी परवानगी. आवाज रेकॉर्ड करणार असाल तर सगळ्यांनाच विचारून.

वेळेचं म्हणाल तर पहिले चार दिवस फॉर्म आणि कच्चा व्हिडिओ. फॉर्म आधी पाच जणांकडून भरून घ्या, दोघं ज्या प्रश्नावर अडतील तो बदला. पुढचे आठ दिवस दाखवणं आणि गटचर्चा. मग तीन दिवस पटकथा, उरलेले तालमीला. अहवालात पाय-चार्ट कमी, आणि एक तक्ता: कुणी काय सांगितलं, पटकथेच्या कुठल्या प्रसंगात काय बदललं, आणि सांगूनही काय बदललं नाही व का. गुण त्यावर मिळतात.

शेवटची_सीट

आजच रकाने आखते. एक शेवटचं: माझी आत्या अगदी त्या नणंदेसारखी, कागलचीच. तिला 24 मध्ये धरलं तर चालेल?

तिसरी_घंटा

दाखवा, पण 24 मध्ये धरू नका, पंचविसावी म्हणून वेगळी नोंद करा. आणि तुम्ही त्या खोलीत थांबू नका, मैत्रिणीला विचारायला सांगा. भाचीसमोर आत्या नणंदेची बाजू सोडणार नाही.